बोलकी जाळी

आमच्या ह्यांच्या हृदयात फुगा फुगवला तेव्हा हे चक्क जागे होते आणि डॉक्टरांना रस्ता सांगत होते.

"डावीकडं घ्या मॅडम. पुढं रस्ता अरुंद हाय, सावकाश."

"मगदूमकाका, गाडी मी चालवतेय," डॉ. मेहजबीन बागवान म्हणाल्या. "तुम्ही आज प्रवासी. गप बसा."

काचेच्या अलीकडे मी बसले होते, शेजारी आमचा मुलगा सन्मती. समोर मोठा पडदा. हे जन्मभर एसटीचे ड्रायव्हर, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग गेलं की यांचं तोंड चालू होतं. भीती वाटली की जास्तच. त्या दिवशी फारच चालू होतं.

मी आयुष्यभर दहावीला जीवशास्त्र शिकवलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं हे पोरं घडाघडा म्हणायची, पण हृदयालाही रक्त लागतं, हे कायम विसरायची. त्याच्या स्वतःच्या धमन्या वेगळ्या. महाधमनीच्या मुळाशी निघतात आणि वेलीसारख्या हृदयावर पसरतात. जाडी म्हणाल तर शहाळ्यात घालतो त्या नळीएवढी, पुढे त्याहून बारीक. वर्षानुवर्षं त्यांच्या भिंतीत चरबी साठते, चुना साठतो, वाट अरुंद होते. मग माणूस जिना चढताना मध्येच थांबतो आणि चप्पल नीट करतोय असं दाखवतो. यांनी ते नाटक वर्षभर केलं होतं.

इलाज तसा जुनाच. मनगटातल्या धमनीतून केसाएवढी तार आत सरकवायची, ती थेट हृदयापर्यंत न्यायची आणि अरुंद जागेतून पलीकडे काढायची. त्या तारेवरून घडी घातलेला इवलासा फुगा न्यायचा आणि नेमका त्या जागी फुगवायचा. चरबी भिंतीत दाबली जाते, वाट मोकळी होते. फुग्यावर धातूची जाळी बसवलेली असते. फुगा फुगला की जाळी उघडून भिंतीला चिकटते. मग फुग्यातली हवा काढायची म्हणजे खरं तर पाणी काढायचं, आत पातळ औषधच भरलेलं असतं, आणि तो बाहेर घ्यायचा. भिंत पुन्हा आत ढासळू नये म्हणून जाळी तिथंच राहते.

फुगा फुगलेला असतो तेवढा वेळ त्या धमनीतून रक्त अजिबात जात नाही. तेवढ्यात हे एकदम गप्प झाले. मी उठून उभी राहिले. मग पडद्यावर धमनीत सोडलेल्या औषधाची काळी रेघ सरसर पुढे गेली, तिच्या फांद्या भरल्या, फांद्यांच्या डहाळ्या भरल्या.

"सुटली गाडी," आतून आवाज आला. मी मटकन खाली बसले आणि रडले.

इथपर्यंत सगळं आमच्या वडिलांच्या काळातही असंच व्हायचं. नवीन होती ती जाळी. जुन्या जाळ्या मुक्या होत्या, एकदा बसवली की तिचं काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. या जाळीच्या तारांना धमनीच्या भिंतीचा ताण कळायचा आणि रक्ताचा वेगही कळायचा. वीज तिला नाडीच्या ठोक्यातूनच मिळायची. ती मनगटावरच्या पट्ट्याशी बोलायची आणि पट्टा घरच्यांच्या फोनशी. हॉस्पिटलमधले सगळे तिला बोलकी जाळी म्हणायचे. आमच्या फोनवर एक हिरवी रेघ आली. रक्त नीट वाहतंय तोवर हिरवी आणि सरळ, धमनी आवळली की रेघ खाली आणि केशरी, फारच आवळली की लाल. रेघ खाली आली की यांच्या मनगटावर पट्टाही गरम व्हायचा. भोवती काय चाललंय, कुणाचे आवाज आहेत, कुणाचा फोन जवळ आहे, हेही पट्टा टिपायचा आणि रेघ कशाने खाली येते ते शिकत जायचा.

सन्मतीने तिथल्या तिथे सगळ्यांचे फोन जोडून टाकले. फार आनंद झाला होता आम्हाला.

*

हार्टपेशंटला वाईट बातमी सांगायची नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या सासऱ्यांना ॲटॅक आला त्याच आठवड्यात त्यांचे सख्खे भाऊ वारले. आम्ही सांगितलंच नाही. ते भावाला निरोप पाठवत राहिले, "अण्णाला म्हणावं, येऊन जा", आणि आम्ही "हो, सांगितलंय" म्हणत राहिलो. सासरे गेले ते भावावर रुसूनच गेले. त्याबद्दल घरात कुणाला कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. काळजी घेतली असंच सगळे म्हणायचे.

आता तर हाताशी रेघ होती. सन्मतीची नोकरी गेली तेव्हा तो रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि बागेत बसून खायचा. शेजारचे चौगुले वारले तेव्हा आम्ही सांगितलं, ते बेंगळुरूला लेकाकडे गेलेत.

"चौगुले बेंगळुरूला," हे खिडकीतून बघत म्हणाले, "आणि त्याच्या दारात एवढ्या चपला?"

"पाहुणे आलेत."

"घरमालक न्हाई आणि पाहुणे? बरं बरं." आणि हे पेपरात तोंड घालून बसले. रेघ थोडी केशरी झाली, पुन्हा हिरवी झाली. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

त्याच दिवसांत माझी पाठ दुखायला लागली. भूक गेली. मी मिरजेला जाऊन तपासून घेतलं, बरोबर आमची मुलगी श्रुतिका होती. ती निपाणीला असते, मुद्दाम आली होती. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. स्वादुपिंडाची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल. जठराच्या मागे लपलेला अवयव, असं सांगायचे. लपलेला असतो म्हणूनच उशिरा कळतो, हे परीक्षेला येत नसल्यामुळे सांगायचं राहून जायचं. दिवाळी बघाल की नाही सांगता येत नाही, एवढं डॉक्टर स्पष्ट बोलले. हृदयाला फुगा आहे, जाळी आहे. याला काही नव्हतं.

"पप्पांना सांगायचं नाही," मी रिक्षातच श्रुतिकाला बजावलं.

"आई, त्यांना सांगायला नको?"

"रेघ बघतेस ना त्यांची? सन्मतीलाही नको. त्याच्या पोटात काही राहत नाही."

परकराला सेफ्टी पिन लावली, ब्लाउजांना टिपा मारल्या. यांच्यासमोर जेवायला बसायचे, भाजी चिवडायचे आणि "आज मीठ जास्त झालं" म्हणून उठायचे. यांच्या स्कूटरवर मागे बसून देवळात जायचे, बाजारात जायचे. कुणालाही काही कळलं नाही, असा माझा समज होता.

*

उन्हाळ्यात डॉ. बागवानांनी मला आणि सन्मतीला बोलावून घेतलं.

"जाळी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "फुगा लावला ती जागा मोकळी आहे. त्रास पुढच्या बारीक फांद्यांत आहे, काकू. त्या आवळतात. पूर्वी कधीमधी व्हायचं, आता दिवसातून कितीतरी वेळा होतंय."

"मग पुन्हा फुगा लावा," सन्मती म्हणाला.

"फुगा साठलेली चरबी दाबतो. आवळणाऱ्या नळीला काय करणार? फुगा काढला की ती पुन्हा आवळणार. औषधं रक्तदाबाला झेपतील तेवढी देऊन झालीत. असंच चालू राहिलं तर स्नायू मरत जाईल, आणि एखाद्या दिवशी नळी आवळेल ती उघडणारच नाही."

मग समोरचा पडदा त्यांनी आमच्याकडे वळवला. पट्ट्याने शोधलेली कारणं होती. जिना होता, टीव्हीवरच्या बातम्या होत्या, सन्मतीही होता, पण जरा खालीच. सगळ्यांत वर एकच नाव होतं. त्रिशला मगदूम.

"मशीन चुकत असेल," सन्मती पुटपुटला.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून नाव न बघता सगळं पुन्हा तपासून घेतलं. काकू खोलीत आल्या की रेघ खाली येते. बाहेर गेल्या की वर." त्यांनी माझा हात धरला. "काकू, मशीन फक्त कोण ते सांगतं. का, ते त्याला कळत नाही. ते काकांनाच विचारायला हवं. एकदा बोला त्यांच्याशी."

"नको नको," सन्मती लगेच म्हणाला. "विचारलं तर ते मनाला लावून घेतील. आई थोडे दिवस निपाणीला जाईल. काय गं आई?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही विचारायचं नव्हतं. काय उत्तर येईल याची भीती वाटत होती.

लग्नाआधी मी यांच्याच गाडीने शाळेत जायचे. मिरज ते कवठेमहांकाळ, सकाळची पहिली गाडी. मी तानंग फाट्यावर चढायचे. मला उशीर झाला तर हे गाडी तिथं उभी करून काच पुसत बसायचे. डेपोत बोलणी खायचे, पण मला सोडून जायचे नाहीत. मी चढले की आरशात बघून म्हणायचे, "बाई, बसा." एकदा कंडक्टर खाली पाणी प्यायला उतरला होता, शाळेत त्या दिवशी तपासणी होती आणि माझा जीव टांगणीला लागलेला. मी उठून दोरी ओढली आणि दोनदा घंटा दिली. एका घंटेला थांबायचं आणि दोन घंटांना निघायचं, हा ड्रायव्हरच्या पायात भिनलेला नियम. हे गाडी घेऊन निघाले, आणि मागे कंडक्टर तांब्या घेऊन बोंबलत पळतोय. ती हकीकत डेपोभर झाली आणि आमचं लग्न त्यातूनच ठरलं. लग्नानंतरही मी यांची बाईच राहिले. "बाई, तुम्ही" असंच म्हणतात, लोक हसतात.

त्या माणसाची धमनी माझ्या येण्याने आवळते. जगातल्या सगळ्या गोष्टींत त्यांना सगळ्यांत जास्त त्रास माझा होतो. हे वाचून काय वाटलं, ते कुणाला सांगून कळणार नाही.

*

श्रुतिकाच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन आहे, असं ठरवलं. त्या बिचाऱ्या धडधाकट, तेव्हा लाडू वळत होत्या.

निघताना हे फाटकापर्यंत आले. सन्मतीने माझी पिशवी गाडीत ठेवली.

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"बघू. त्यांना चालता येईपर्यंत."

"खुबा म्हंजे वेळ लागतोय." हे माझ्याकडे बघत होते, माझ्या हाताकडे बघत होते. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, म्हणून मी पदर ओढून घेतला. "जपून जावा. बाई, बसा."

मी बसले. फोन उघडला. रेघ इतकी खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती. "चल, लवकर चल," मी सन्मतीला ओरडले. अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत रेघ लाल होती, जयसिंगपूरला केशरी झाली. कोल्हापूर सोडलं तेव्हा ती हिरवी होती, आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"बघ, बरं वाटतंय त्यांना," सन्मती म्हणाला. सुटकेने त्याचा चेहरा उजळला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ती रेघ हलली नाही. आधी मला खरंच बरं वाटलं. श्रुतिकाने तिचा टॅब माझ्या उशाशी लावून दिला होता. सकाळी उठले की बघायचे, हिरवी. दुपारी हिरवी. हे फोन करायचे, पण दोन मिनिटांत "बरं ठेवतो" म्हणायचे आणि कॅमेरा छताकडे असायचा. मग हळूहळू माझं मन फिरलं. मी ती रेघ खाली यायची वाट बघायला लागले. जरा तरी यावी. माझ्या वाढदिवसाला तरी यावी. लग्नाच्या वाढदिवसाला मी दिवसभर टॅब मांडीवर घेऊन बसले. काही नाही. इतकं का नको व्हावं मी त्यांना?

माझे डोळे पिवळे झाले, तळवे पिवळे झाले. कूस बदलायलाही श्रुतिका लागायला लागली.

"आई, एकदा पप्पांना बोलावते मी," ती रोज म्हणायची.

"त्यांची रेघ बघ आणि माझं तोंड बघ. मग बोल."

*

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व झालं. मला देवळात जाता आलं नाही. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून म्हणतात, जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा करा. लोक ते म्हणतात आणि पुढच्या घरी जातात.

सकाळीच यांचा फोन आला. नुसता आवाज, चित्र नाही. मीच श्रुतिकाला चित्र लावू नको म्हटलं होतं.

"बाई, जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असंल तर क्षमा करा."

"माझंही काही चुकलं असेल तर तुम्हीही करा."

"न्हाई, पाठ केल्यागत नको. मी खरंच चुकलोय. मला ठावं होतं."

"काय?"

"तुमचं दुखणं."

टॅबवर रेघ सरळ होती.

"स्कूटरला कळतं की, बाई. तुम्ही मागं बसला की शॉकप दबायचा. शिवरात्रीपासनं तो दबंना. खड्ड्यात गाडी उडाय लागली. म्हटलं, बाई चालल्यात कुठं? मग श्रुतिकाला विचारलं. ती म्हणाली, आईला काही न्हाई. एवढं म्हणून तिनं फोनच ठेवला. मग कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या कष्टानं लपवत होता. भाजी चिवडायचा, मिठाला नावं ठेवायचा. म्हटलं, लपवू दे. मी वळखलं असं कळलं तर तुमचा जीव आणखी जाईल." मग हे म्हणाले, "तुम्ही खोलीत आला की हा पट्टा गरम व्हायचा. मला काय, तुम्ही दिसला की कालच्यापेक्षा आज किती कमी झाल्या, तेवढंच दिसायचं."

म्हणजे हे होतं ते कारण. पडद्यावर सगळ्यांत वर माझं नाव होतं, ते यासाठी. एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. आम्ही कुणी विचारला नाही. हार्टपेशंटला असलं काही विचारत नाहीत.

पण मग माझी नजर त्या रेघेवर गेली आणि मला राग आला. इतक्या महिन्यांचा राग होता तो.

"मग आता कशी सरळ आहे? मी आल्यापासून एकदासुद्धा हलली नाही ती. मी गेले ते बरंच झालं म्हणायचं."



"मी गाडी चालवतोय, बाई," हे म्हणाले.

"कसली गाडी?"

"मनातल्या मनात. तुम्ही तिकडं रेघ बघत बसणार, मला म्हाईत न्हाई व्हय? ती हलली की तुमचा जीव वरखाली होणार. म्हणून सकाळी उठलो की गाडी काढतो. मिरज ते कवठेमहांकाळ. कवठ्यास्नं परत मिरज. गिअर टाकायचा, वळण घ्यायचं, म्हशी आडव्या आल्या तर हॉर्न. दुसरं कायच मनात आणायचं न्हाई. झोप लागंपर्यंत चालवायची. आत्ता बोलताना पण चालूच हाय."

"आणि तानंग फाटा?"

"तिथं थांबत न्हाई," हे म्हणाले. "लांबनं दिसतो. मी तिकडं बघत न्हाई. सरळ काढतो."

मला रडू आवरेना. श्रुतिका दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती.

मी शहाणी बाई. जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं. तरी माझ्या तोंडून गेलं ते गेलंच. "एकदा थांबा की."

फोनवर यांचा श्वास ऐकू आला. टॅबवर रेघ थरथरली आणि खाली येऊ लागली. केशरी झाली. मी इतके दिवस वाट बघत होते ती हीच. काय सांगू, मला क्षणभर आनंद झाला. ती येतच राहिली, खाली, आणखी खाली.

"बाई," हे म्हणाले, आवाज दबला होता, छातीवर कुणी बसल्यासारखा. "बाई, बसा."

लाल. तिकडे घरात सन्मतीचा फोन कर्कश वाजायला लागला, ते मला इकडे ऐकू येत होतं. "पप्पा, काय झालं?" सन्मती धावत आला.

"मी येतो," हे म्हणत होते. "मी आत्ता न्यायला येतो. निपाणीच तर हाय."

आले असते. त्यांनी आयुष्यात मला कधी फाट्यावर सोडलं नाही. मी माझ्या हाताकडे बघितलं. हळदीत बुडवल्यासारखा पिवळा, आणि नुसती हाडं. स्कूटरवर नुसतं वजन कमी लागलं तर त्यांची ही गत झाली होती. दारातून आत येऊन त्यांनी हे बघितलं असतं तर नळी आवळली असती ती पुन्हा उघडलीच नसती. कुठला फुगा तिथं पोचणार होता? मला त्यांनी यायला हवं होतं. देवाशपथ सांगते, दुसरं काही नको होतं.

"अहो," मी म्हटलं, "ऐका."

"काय?"

"टण् टण्."

पलीकडे सन्मतीचा फोन तेवढा वाजत होता.

"कंडक्टर खालीच राहिला की, बाई," हे म्हणाले.

"राहू दे. तुम्ही चला."

मी फोन ठेवला आणि श्रुतिकाला म्हटलं, यापुढे त्यांचा फोन आला तर आई झोपलीय म्हणून सांग. मी गेल्यावरही तेच सांगा. तिने मान डोलावली. मग आम्ही दोघी टॅबकडे बघत बसलो. रेघ बराच वेळ तळाशीच होती. मग ती सावकाश वर चढली, केशरी झाली, हिरवी झाली आणि सरळ चालू लागली. हे पहिल्यापासूनच गाडी चांगली चालवतात.